कथा पात्र बदलते तेव्हा

कथास्पर्धेच्या परीक्षकांचे शेरे चाळले, तर एक वाक्य हमखास सापडतं : ‘सुरुवात चांगली, पण पुढे कथा भरकटली.’ अशाच एखाद्या भरकटलेल्या कथेचं पुढे नाव झालं, की तिचा लेखक मुलाखतीत सांगतो, ‘मला साधीच गोष्ट लिहायची होती, पण पात्रांनी माझं ऐकलं नाही.’ एकात ठपका आहे, दुसऱ्यात मिरवणं आहे. मला दोन्ही सारखीच आळशी वाटतात. पहिलं म्हणतं लेखकाचा लगाम सुटला, दुसरं म्हणतं लेखकाच्या अंगात आलं. पण मुलांची गोष्ट महाकाव्याच्याच वाटेला का लागली, प्रहसनाच्या का नाही? भुताची गोष्ट रहस्यकथा न होता विज्ञानकथा का झाली? याचं उत्तर दोघांकडेही नसतं.

माझं म्हणणं असं आहे. प्रत्येक कथाप्रकार म्हणजे काही प्रश्न न विचारण्याचा करार असतो. साध्या कल्पनेत कधी कधी नेमका असा एक वगळलेला प्रश्न दडलेला असतो. लेखकाने तो मनावर घेतला की करार मोडतो आणि कथा त्या प्रश्नाला जागा असलेल्या प्रकाराकडे सरकू लागते. तसा प्रकार अस्तित्वातच नसेल, तर तो तिथे घडू लागतो.

मराठीत नदीही पात्र बदलते. हा श्लेष माझ्या फार कामाचा आहे, कारण नदी लहरीखातर पात्र बदलत नाही. तिनेच वाहून आणलेला गाळ तळाशी बसत जातो, तळ आजूबाजूच्या जमिनीहून उंच होतो आणि एखाद्या पुरात पाणी नवा उतार धरतं. कोसीच्या दोन्ही बाजूंना बांध घातले, तेव्हा गाळ बांधांच्या आतच साचत राहिला. २००८ च्या ऑगस्टमध्ये तिने नेपाळमधल्या कुसहाजवळ बांध फोडला आणि बिहारातली आपली सोडलेली वाट पुन्हा धरली. लोकांना पूर दिसला. गाळ कित्येक वर्षं साचत होता.

१. करारात काय वगळलेलं असतं

विनोदी कथेत जिन्यावरून पडलेल्याचं हाड मोडत नाही. रहस्यकथेत दिवाणखान्यात प्रेत पडलेलं असतं आणि पाचव्या पानापासून त्याच्यासाठी कुणी रडत नाही. सगळे वेळापत्रकं आणि बोटांचे ठसे तपासत असतात. परीकथेत जादूची वस्तू फुकट मिळते. यात दोष नाही. मेलेल्या माणसाच्या बायकोचं दुःख खरोखर मांडायला घेतलं, तर खुनी कोण हे शोधायला कुणाला उसंत राहील? वगळल्याशिवाय गोष्ट उभीच राहत नाही.

पण वगळलेलं नाहीसं होत नाही. आपल्याकडच्या हडळीचं उदाहरण घ्या. बाळंतपणात गेलेली बाई हडळ होते, असं लोकसमजूत सांगते. भूतकथा तिथून पुढे निघते : ती कुठल्या झाडावर राहते, कुणाला धरते, कशाने उतरते. ती बाळंतपणात का गेली, सुईणीला वेळेवर का बोलावलं नाही, तिचं वय काय होतं, हे प्रश्न भूतकथेच्या पोटातच असतात आणि विचारायचे नसतात. एखाद्या लेखकाने विचारलेच, तर त्याच अंगणात, त्याच झाडाखाली सामाजिक कादंबरी सुरू होते. तिच्यासाठी बाहेरून काहीही आणावं लागत नाही. म्हणूनच ‘लेखकाने मध्येच दुसरंच काही घुसडलं’ ही तक्रार अनेकदा उलटी असते. त्याने फक्त दुर्लक्ष करायचं नाकारलेलं असतं.

२. भुताला कुणी बनवलं?

१८१५ मध्ये इंडोनेशियातल्या तांबोरा ज्वालामुखीचा स्फोट झाला आणि पुढच्या वर्षी युरोपात उन्हाळा म्हणावा असा आलाच नाही. त्या पावसाळी जूनमध्ये जिनिव्हा सरोवराकाठच्या व्हिला दिओदातीत बायरन, पर्सी शेली, अठरा वर्षांची मेरी आणि बायरनचा डॉक्टर पॉलिडोरी जर्मन भूतकथांचं फ्रेंच भाषांतर वाचत बसले होते. प्रत्येकाने एकेक भुताची गोष्ट लिहावी, असं बायरनने सुचवलं. हवामानामुळे प्रतिभा जागी झाली, असं इथे म्हणण्याची प्रथा आहे. पण पाऊस चौघांवर सारखाच पडत होता. पॉलिडोरीने पुढे ‘द व्हँपायर’ लिहिली, बायरनने अर्धवट सोडलेल्या एका तुकड्यावरून. ती भयकथेच्या चौकटीत राहिली. मेरीची राहिली नाही.

भूतकथेत भीती बघणाऱ्याची असते. जे दिसतं त्याला आपली बाजू नसते, किंवा सूड एवढीच बाजू असते. त्या मुक्कामात बायरन आणि शेली जीवनतत्त्वाबद्दल, विजेने मृत स्नायू हलवण्याच्या प्रयोगांबद्दल बोलत आणि मेरी ऐकत असे. त्यातून तिच्या गोष्टीतलं भूत कुणीतरी तयार केलेलं निघालं. इथेच गाळ साचला. भूत आपोआप आलं असेल, तर त्याच्यापासून पळता येतं. आपण बनवलं असेल, तर त्याचं आपण काय लागतो? हा प्रश्न मनावर घेतल्यावर त्या जिवाला बोलू देणं भाग होतं. कादंबरीच्या मध्यावर तो बोलतो, आपण वाचायला कसं शिकलो ते सांगतो, जोडीदारीण मागतो आणि वाचकाची सहानुभूती हिसकावून घेतो. १८३१ च्या आवृत्तीच्या प्रस्तावनेत मेरी शेली सांगते, की आधी तिला थोड्याच पानांची गोष्ट लिहायची होती. थोड्या पानांत किंकाळी मावते, जबाबदारी मावत नाही.

‘फ्रँकेन्स्टाइन’ १८१८ मध्ये लेखिकेच्या नावाविना छापली गेली. तेव्हा विज्ञानकथा हे नाव कुणी ऐकलेलं नव्हतं. ब्रायन ऑल्डिससारख्या लेखकाने तिला त्या प्रकाराची पहिली कादंबरी ठरवलं, ते १९७३ मध्ये. म्हणजे मेरीची कथा ‘विज्ञानकथेकडे वाहवत गेली’ असं म्हणणं कालक्रमाच्या दृष्टीने चूकच आहे. पाणी जिथून गेलं, त्याला लोकांनी नंतर नदी म्हटलं.

३. अंगठीची किंमत

पात्रं आपणहून येतात, या समजुतीला सगळ्यात सोयीचं उदाहरण टोल्किन यांचं. म्हणून तेच जरा थांबून पाहू.

‘द हॉबिट’ १९३७ च्या सप्टेंबरात आलं, मुलांना आवडलं आणि प्रकाशकाने हॉबिटांची आणखी गोष्ट मागितली. डिसेंबरातच टोल्किन यांनी पहिलं प्रकरण लिहून काढलं : वाढदिवसाची जंगी मेजवानी, तिरकस भाषण आणि भाषण संपताच अंगठी घालून पाहुण्यांदेखत गायब होणारा यजमान. अंगठीचं इथलं काम चेष्टेपुरतंच होतं. प्रकाशकाला हवा होता तस्साच माल. पुढच्या मार्चमध्ये मात्र ते प्रकाशकाला कळवतात, की गोष्टीने न ठरवलेलं वळण घेतलं आहे. हे खर्डे त्यांचे पुत्र क्रिस्टोफर यांनी पुढे छापले. त्यामुळे वळण नेमकं कुठे आलं, ते पाहता येतं.

तीन हॉबिट रस्त्याने चाललेत. मागून टापा ऐकू येतात, ते लपतात. झग्यात गुरफटलेला, चेहरा झाकलेला एक स्वार येऊन थांबतो. पहिल्या खर्ड्यात हा स्वार म्हणजे गँडाल्फ, आपला ओळखीचा म्हातारा जादूगार. लपाछपीची गंमत होऊन गोष्ट पुढे जायची होती. टोल्किन यांनी ते पान तिथेच सोडलं आणि पुन्हा लिहिताना स्वार अनोळखी केला, काळा केला. एका नावाच्या खोडाखोडीत मुलांची गोष्ट संपली.

यात अंगात येण्यासारखं काय आहे? अनोळखी स्वार थांबला, म्हणजे तो काहीतरी शोधतो आहे. या हॉबिटांजवळ शोधण्याजोगं काय आहे? मागच्या पुस्तकातून इकडे आलेली एकच वस्तू : ती अंगठी. मग परीकथा जो प्रश्न वगळते, तो टोल्किन यांनी कागदावर उतरवला. हिची किंमत काय, आणि ती कोण वसूल करतो? त्यांच्या सुरुवातीच्या टिपणात ती फारशी धोक्याची नाही, पण भरपाई मागते, एवढंच येतं. बाकीचा डोलारा, काळा अधिपती, युद्ध, बुडालेली राज्यं, सगळं या भरपाईच्या हिशेबातून उभं राहिलं.

आता खर्ड्यांतलं दुसरं वळण : लाकडी बूट. ब्री गावच्या खानावळीत हॉबिटांना एक गूढ प्रवासी भेटतो. खर्ड्यांत हा प्रवासीही हॉबिटच आहे, पायात लाकडी बूट घालणारा, नाव ट्रॉटर. हा कोण, हे लेखकाला बराच काळ ठाऊक नव्हतं. शेवटी तो माणूस झाला, राजवंशाचा वारस झाला, अ‍ॅरागॉर्न झाला. ‘बघा, पात्राने आपली ओळख स्वतःच सांगितली!’ असं म्हणणाऱ्यांना मी विचारीन, की मग त्याने दोन वर्षं चुकीचं का सांगितलं? मला दिसतं ते असं. अंगठी महाग झाली, तशी ती किंमत जाणणारं, त्या इतिहासाचं ओझं वारशाने आलेलं कुणीतरी वाटेवर भेटणं आवश्यक झालं. हॉबिटाच्या खांद्याला ते पेलत नव्हतं. म्हणून बूट गेले. लेखक चाचपडत होता हे खरं, पण अंधारात चाचपडणारा माणूसही भिंतीच्याच आधाराने चालतो.

४. त्या दुसऱ्या पानिपताचा पत्ता

मराठीत याहून नेटकं उदाहरण जयंत नारळीकरांच्या ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेचं आहे. १४ जानेवारी १७६१ बद्दल जर-तर करणं हा आपला पिढीजात छंद. विश्वासरावांना गोळी लागली नसती तर? या गप्पांचा करार सोपा : कल्पना करायची, हळहळायचं, चहा संपवायचा. ते दुसरं जग कुठे आहे, हे विचारायचं नसतं. नारळीकरांमधल्या शास्त्रज्ञाने नेमकं तेच विचारलं. त्यांचे गंगाधरपंत जातात त्या मुंबईत ईस्ट इंडिया कंपनी अजून नांदते आहे. एशियाटिकच्या ग्रंथालयात बसून ते इतिहासाचे खंड उलटतात आणि फाटा फुटतो ती जागा शोधतात. गोळी विश्वासरावांना चाटून गेली, बस्स एवढंच.

हे सगळं स्वप्न ठरवून मोकळं होता आलं असतं. करार वाचला असता. पण परत आल्यावर पंतांच्या खिशात बखरीचं फाटलेलं पान निघतं. ते एक पान खिशात ठेवलं, की हळहळ पुरत नाही. खुलासा द्यावाच लागतो, आणि तो पदार्थविज्ञानाच्या भाषेतच द्यावा लागतो. मजा म्हणजे जुना प्रकार हद्दपार होत नाही. नऊशे नव्व्याण्णव सभांचं अध्यक्षपद भूषवलेले पंत त्या जगात आझाद मैदानावरची रिकामी खुर्ची बघून न राहवून व्यासपीठावर चढतात आणि श्रोते त्यांना हुसकावतात. हा प्रसंग निखळ विनोदी आहे आणि विज्ञानकथेत तो बिनबोभाट राहतो.

५. कोण वाहतं : लेखक की प्रेक्षक?

इथे एक भेद करायला हवा. वरच्या उदाहरणांत लेखक स्वतः लिहिता लिहिता सरकले. विजय तेंडुलकरांच्या ‘शांतता! कोर्ट चालू आहे’मध्ये (१९६७) सरकतो तो प्रेक्षक. एका नाटकमंडळीला रात्रीच्या प्रयोगात अमेरिकेच्या अध्यक्षांवर अण्वस्त्रांबद्दल अभिरूप खटला चालवायचा आहे. नवख्या सामंतला कोर्ट कळावं म्हणून दुपारी गमतीचा खटला काढतात आणि आरोपी करतात आपल्यातल्याच लीला बेणारेला. प्रेक्षक हसतो, कारण प्रहसनाच्या करारात ‘ज्याला हसतो आहोत त्याला लागतं का’ हा प्रश्न नसतो. तेंडुलकर तो प्रश्न उघड विचारत नाहीत. ते हसू चालू ठेवतात आणि आरोप खरे करत जातात. सगळ्यात क्रूर गोष्ट ही, की नाटकातली पात्रं अखेरपर्यंत हा खेळच आहे असं धरून चालतात. त्यांच्यापुरता प्रकार बदललेलाच नाही. बदलला आहे तो आपल्यापुरता.

सुरुवातीला बेणारेचं बोट दाराच्या कडीत सापडतं. किरकोळ गोष्ट, हसण्यावारी जाते. पुढे ती निघून जायला बघते, तेव्हा तेच दार उघडत नाही. ही तयारी पाहिली, की नाटक ‘अचानक गंभीर झालं’ असं म्हणवत नाही.

६. भरकटणं ओळखायचं कसं?

पहिला आक्षेप इथेच येतो. मग काय, प्रत्येक फसलेल्या कथेला ‘तिने प्रश्न मनावर घेतला’ म्हणून सोडून द्यायचं? मुळीच नाही. खरोखर भरकटलेल्या कथा असतात, आणि ढिगाने असतात. कौटुंबिक मालिकेत सासू-सुनेच्या वादाला उत्तर सापडत नाही, म्हणून कुणाचा तरी खून होतो, नाही तर मेलेला माणूस नवा चेहरा लावून परत येतो. इथे प्रकार बदलतो तो प्रश्न टाळण्यासाठी. दिशा नेमकी उलटी आहे : नदी गाळामुळे वळलेली नाही, पाणी उपसून दुसरीकडे ओतलं आहे.

ओळखण्याची माझी खूण एकच : कथेने मागचं देणं फेडलं आहे का? प्रकार बदलला, की आधीच्या पानांचा अर्थ बदलतो आणि त्या पानांना नव्या कायद्याखाली पुन्हा साक्ष द्यावी लागते. १९३७ च्या ‘हॉबिट’मध्ये अंगठीचा आधीचा मालक गॉलम ती कोड्यांच्या पैजेत बक्षीस म्हणून लावतो आणि हरल्यावर, ती सापडत नाही म्हणून, चक्क दिलगीर होतो. अंगठी जिवाहून महाग झाल्यावर हा गॉलम अशक्य होता. टोल्किन यांनी ते प्रकरण नव्याने लिहून १९४७ मध्ये प्रकाशकाकडे नमुना म्हणून धाडलं आणि १९५१ च्या आवृत्तीत ते छापलं गेलं. मग आधी छापलेल्याचं काय? तो ‘हॉबिट’चा नायक बिल्बो याने सांगितलेला खोटा वृत्तान्त ठरला, आणि इतका सज्जन हॉबिट खोटं बोलला हाच अंगठीच्या दुष्टपणाचा पहिला पुरावा. छापून विकलेल्या स्वतःच्याच पुस्तकाला खोटी साक्ष ठरवणं ही देणं फेडण्याची जरा अतिरेकी तऱ्हा झाली, पण प्रामाणिक. मालिकेतला नवा चेहरा असं काहीही फेडत नाही. मागचे तीनशे भाग तसेच अनाथ राहतात.

७. ‘हे सगळं योगायोगाने होतं’

दुसरा आक्षेप इतिहासाच्या अभ्यासकांचा असतो. ‘पिक्विक पेपर्स’ घ्या. १८३६ मध्ये चित्रकार रॉबर्ट सेमूरच्या चित्रांना जोडून शहरी शिकाऱ्यांच्या फजितीचा मजकूर लिहायचा, एवढंच काम तरुण डिकन्सला मिळालं होतं. एप्रिलमध्ये सेमूरने आत्महत्या केली, सूत्रं डिकन्सच्या हाती आली, पिक्विकचा नोकर सॅम वेलर अवतरला आणि काही शेकड्यांवर रेंगाळणारा खप चाळीस हजारांवर गेला. यात कसला करार आणि कसला प्रश्न?

योगायोगाने बांध फुटला, हे मान्य. पण फुटलेलं पाणी कुठे गेलं ते बघा. मिस्टर पिक्विक कर्जबाजाऱ्यांच्या फ्लीट तुरुंगात जाऊन पोचतात. सेमूरच्या मृत्यूत असं काहीही नव्हतं, जे फजितीच्या गोष्टीला तुरुंगाकडे नेईल. ते डिकन्समध्ये होतं. १८२४ मध्ये त्याचे वडील कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होते आणि बारा वर्षांचा हा मुलगा बुटाच्या पॉलिशच्या कारखान्यात बाटल्यांना चिठ्ठ्या चिकटवत होता. विनोदी कथेत पैसे बुडणं ही गंमत असते; पैसे बुडलेला माणूस रात्री कुठे झोपतो, हे या लेखकाला वगळता येण्यासारखं नव्हतं.

८. ‘आपल्याकडे हे प्रकारबिकार नव्हतेच’

तिसरा आक्षेप देशी आहे आणि तो मला अधिक गंभीर वाटतो. कथाप्रकारांची कप्पेबंदी बाजाराने आणली. आपल्या परंपरेत सगळं एकत्रच नांदत होतं, मग कसलं सरकणं? अर्धं खरं आहे. तमाशात गण झाला की गवळण, तिथे मावशी देवाचीही थट्टा करते, मग बतावणी, मग वग. कीर्तनात निरूपणाच्या पूर्वरंगातून आख्यानाच्या उत्तररंगात जातात. एकाच रात्रीत, एकाच माणसाच्या तोंडून प्रकार बदलतात आणि कुणी दचकत नाही.

पण का दचकत नाही? कारण बदलाची जागा सर्वांना ठाऊक असते. पूर्वरंग संपला की नामाचा गजर होतो, बुवांना हार घालतात, बुक्का लावतात. हा सांधा इतका स्पष्ट आहे, की झोपलेला श्रोताही तिथे जागा होतो. म्हणजे परंपरेत करार नव्हते असं नाही. करार कधी बदलायचा याचाही करार होता. आधुनिक लेखकाने गमावली ती ही गजराची सोय. त्याला सांधा कथेच्या आतच, टापांच्या आवाजात किंवा दाराच्या कडीत लपवावा लागतो.

कप्प्यांबद्दलची तक्रारही मला पूर्ण पटत नाही. अनंत अंतरकरांनी ‘हंस’, ‘मोहिनी’, ‘नवल’ अशी तीन निराळ्या वळणांची मासिकं काढली आणि अद्भुताला व विनोदाला मराठीत हक्काचं घर मिळालं. बांधामुळे शेती होते. पण मागणी आधी आणि कथा नंतर, असं फार दिवस चाललं की दिवाळी अंकासाठी ‘गूढकथा, पंधराशे शब्द’ लिहिणारा लेखक हडळीचं वय विचारेनासा होतो.

९. मूळ वाचकाचं काय?

उरतो तो आक्षेप वाचकाचा, आणि त्याला माझ्याकडे पुरतं उत्तर नाही. ज्याला साधी गोष्ट हवी होती, त्याची फसवणूक झालीच ना? झाली. करार एकतर्फी मोडला की दुसऱ्या पक्षाचं नुकसान होतं, ते कलेच्या नावाने माफ होत नाही.

‘द हॉबिट’ छापावं की नाही, हे ठरवताना प्रकाशक स्टॅन्ली अन्विन यांनी १९३६ मध्ये हस्तलिखित आपल्या दहा वर्षांच्या मुलाला वाचायला दिलं होतं. एका शिलिंगाच्या मेहनतान्यावर त्याने अभिप्राय लिहिला : पाच ते नऊ वर्षांच्या मुलांना आवडेल. पुढची गोष्ट मागितली गेली ती अशाच वाचकांसाठी, आणि ती कधी आलीच नाही. जे आलं त्याला सतरा वर्षं लागली आणि त्यात पाच ते नऊ वर्षांच्या मुलांसाठी जवळजवळ काहीच नव्हतं. ते प्रचंड हस्तलिखित प्रकाशनगृहात आलं, तेव्हा तो मुलगा, रेनर अन्विन, तिथेच कामाला होता. त्याने हिशेब केला, हजार पौंडांचा तोटा होईल असं वडिलांना कळवलं आणि तरीही छापायची परवानगी मागितली.